स्कॉटलंड, आयर्लंड आणि आमचीं सत्तावीस गांवें

विलायत म्हणजे एक देश आणि तेथें राहणारा तो इंग्रज, अशी आमच्या खेड्यापाड्यांतून आजही समजूत आहे. ज्यांनीं आमच्यावर शतकाहून अधिक काळ राज्य केलें त्यांचें नीट नांवही आम्हांस ठाऊक नसावें, ही भूषणाची गोष्ट खास नव्हे. पण सगळा दोष आमच्या अज्ञानाचा नाहीं. राज्य करणाऱ्यांनींच 'ब्रिटिश' नांवाचें एक मोठें पांघरूण घेतलें होतें. त्याच्याखालीं इंग्रज होता, स्कॉच होता, वेल्श होता, आयरिश होता. इंग्रज मधोमध ऐसपैस निजला होता, बाकीचे कडेला कुडकुडत होते; पण ऊब सोडावयास लवकर कोणीच तयार नव्हता. आज तें पांघरूण फाटत चाललें आहे. आयर्लंडचा मोठा भाग शंभर वर्षांपूर्वींच वेगळा झाला, उरलेल्या सहा परगण्यांचें काय करावें हा वाद मिटलेला नाहीं, आणि स्कॉटलंडांतील जवळजवळ निम्मे लोक आम्हांस वेगळें होऊं द्या म्हणत आहेत.

हा दूरदेशचा तंटा ठाणें-कल्याणच्या शेतकऱ्यानें, सुतार-कुंभारानें कां वाचावा, असें कोणी विचारील. वाचावा, कारण डोंबिवलीच्या पूर्वेस व दक्षिणेस आमच्याच सत्तावीस गांवांत हाच तंटा लहान प्रमाणांत चालू आहे, आणि तेथेंही हद्दीच्या व नांवाच्या गोंगाटांत जमिनीचा प्रश्न बुडवण्याचा उद्योग जोरांत आहे.

प्रथम एक जुनी हकीकत. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं जालन्याकडील असई गांवाजवळ शिंदे-भोसल्यांच्या फौजेशीं कंपनी सरकारची लढाई झाली. कंपनीचा सेनापति वेलस्ली हा जन्मानें आयर्लंडांतल्या डब्लिन शहरचा. त्याच्या हाताखालीं ७४ वी आणि ७८ वी अशा दोन हायलंडर पलटणी होत्या. हायलंड म्हणजे स्कॉटलंडांतील डोंगराळ मुलूख, आमच्या मावळासारखा. ७४ व्या पलटणीची त्या दिवशीं कत्तलच उडाली. ७८ वी पलटण ज्या रॉस परगण्यांत उभी राहिली, तेथें अकराच वर्षें आधीं, म्हणजे १७९२ सालीं, जमीनदारांनीं कुळांच्या रानांत मेंढ्या घातल्या म्हणून रयतेनें त्या मेंढ्यांचे कळप परगण्याबाहेर हांकून देण्यास सुरुवात केली होती. सरकारनें लष्कर आणून तें बंड मोडलें. ज्याच्या बापाची जमीन मेंढीनें खाल्ली तो पोरगा सात समुद्र ओलांडून मराठी शेतकऱ्याच्या पोरास संगिनीनें भोंसकतो, आणि दोघांच्याही मरणाचा नफा लंडनच्या व्यापाऱ्याच्या पेढीवर जमा होतो. 'ब्रिटिश' म्हणजे काय, हें सांगणारें याहून सोपें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. आणि आम्हीं त्याला हंसूं नये. पहिल्या महायुद्धांत आमच्याही मराठा पलटणी असल्याच कोणाच्या तरी नफ्यासाठीं मेसापोटेमियाच्या वाळूंत जाऊन मेल्या.

स्कॉच लोकांनीं आमच्या महाराष्ट्रावर किती छाप पाडली, हें पाहिलें म्हणजे नवल वाटतें. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन स्कॉच, त्याच्या मागून आलेला माल्कम स्कॉच, मराठ्यांचा पहिला मोठा इंग्रजी इतिहास १८२६ सालीं छापणारा ग्रँट डफ स्कॉच. यांपैकीं एल्फिन्स्टननें पेशव्यांची दक्षिणा पुण्याच्या भटांसाठीं चालू ठेवली आणि १८२१ सालीं त्यांच्याच मुलांसाठीं संस्कृत पाठशाळा काढली. पण त्याच पुण्यांत स्कॉटिश मिशनची शाळा होती, आणि तिच्यांत माळ्याचा एक मुलगा १८४१ पासून शिकला. त्याचें नांव जोतीराव फुले. स्कॉटलंडचे आमच्यावर उपकार झाले असतील तर ते ह्या शाळेचे, गव्हर्नरांचे नव्हेत.

आतां हा देश इंग्लंडशीं जोडला गेला कसा, तें ऐका. १६०३ पासून दोन्ही देशांचा राजा एक होता, पण पार्लमेंटें दोन होतीं. सतराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या सरदार-सावकारांनीं पनामाकडे डेरिएन येथें वसाहत काढण्याचा घाट घातला. ती बुडाली आणि देशाचा पैसा तिच्याबरोबर बुडाला. मग इंग्लंडनें ३,९८,०८५ पौंड देऊं केले. त्यांतला मोठा वांटा डेरिएनच्या भागीदारांच्या नुकसानभरपाईचा होता. १७०७ सालीं स्कॉच पार्लमेंटनें ठराव करून आपणच आपला गाशा गुंडाळला. एडिंबरो, ग्लासगो या शहरांतून लोकांनीं दंगे केले. पण लोकांस विचारतो कोण? आयर्लंडचेंही तसेंच. १८०१ सालीं त्याचें पार्लमेंट लंडनच्या पार्लमेंटांत विरलें, तें तेथील बड्या लोकांस पदव्या, नेमणुका व रोख पैसा वांटून. शेतांत राबणाऱ्यास दुसरे दिवशीं कळलें कीं आपण आतां अमक्या राज्यांत आहों. ही पद्धत वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें कामास येईल.

स्कॉटलंडच्या दुःखाची खरी कथा मात्र पार्लमेंटांत नाहीं, ती खोऱ्याखोऱ्यांत आहे. हायलंडांत प्रत्येक कुळीचा एक नायक असे. लोक त्याला बापाप्रमाणें मानीत, त्याच्यासाठीं लढत, त्याची जमीन ती आपलीच समजत. कागद कोणाजवळच नव्हता. पुढें लोकरीला भाव आला आणि नायकांस लंडनांत राहण्याची चटक लागली, तेव्हां त्यांना आठवण झाली कीं कायद्यानें ही जमीन आपल्या एकट्याची आहे. मग कुळें काढून मेंढ्या घालण्याचें सत्र सुरू झालें. १८१४ सालीं सदरलंड परगण्यांतील स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यांत लोकांस घराबाहेर काढलें आणि छपरांस आगी लावल्या. पॅट्रिक सेलर नांवाचा कारभारी त्यांत पुढें होता. १८१६ सालीं त्याच्यावर खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. जमिनीची मालकीण कोण? त्याच मुलखाच्या जुन्या घराण्याची वारस, सदरलंडची काउंटेस. तिचा नवरा इंग्रज धनाढ्य होता हें खरें, पण हक्क तिचा होता. सेलर स्कॉच, न्याय करणारी पंचमंडळी स्कॉच. इंग्रजाला शिव्या देऊन हा हिशेब पुरा होत नाहीं.

सत्तर वर्षें लोक समुद्रकांठच्या खडकांवर, नाहीं तर कानडांत गेले. शेवटीं १८८२ सालीं स्काय बेटावर ब्रेज येथील कुळांनीं चराऊ रान परत मिळेपर्यंत खंड देणार नाहीं म्हणून सांगितलें. ग्लासगोहून पोलीस आले. त्यांच्यावर दगडांचा वर्षाव करणाऱ्यांत बायका आघाडीला होत्या. चार वर्षांत, १८८६ सालीं, कुळास जमिनीवरून काढतां येणार नाहीं असा कायदा झाला. पार्लमेंट लंडनचेंच होतें. पण दगड कुळांचे होते.

आयर्लंडांत याहून भयंकर झालें. तेथें कुळांची गुजराण बटाट्यावर. १८४५ सालीं बटाट्यावर रोग पडला आणि पुढील सहा-सात वर्षांत सुमारें दहा लाख माणसें मेलीं. तितकींच, किंबहुना अधिकच, देश सोडून गेलीं. ह्याच वर्षांत धान्य आणि गुरें जहाजांत भरून इंग्लंडला जात होतीं, आणि खंड थकला म्हणून घरें पाडणें चालूच होतें. मेयो परगण्यांतील असेंच एक कुटुंब १८५० सालीं बेघर झालें. त्यांतला चार वर्षांचा मुलगा मायकेल डॅव्हिट. आईबापांबरोबर तो इंग्लंडांत लँकेशायरला गेला, कापडगिरणींत लागला आणि अकराव्या वर्षीं यंत्रांत सांपडून त्याचा उजवा हात गेला. त्या एका हाताच्या माणसानें १८७९ सालीं जमीन संघ उभा केला.

डॅव्हिटचा जन्म १८४६ चा. आमचे नारायण मेघाजी लोखंडे हे १८४८ सालीं ह्याच आपल्या ठाण्यांत जन्मले. दोघांची कधीं गांठ पडली नाहीं. पण एकानें गिरणींत हात गमावून कुळांची संघटना केली आणि दुसऱ्यानें गिरणींत स्टोअरकीपरी करतां करतां १८८० पासून 'दीनबंधु' चालवला, १८८४ सालीं गिरणी कामगारांची सभा स्थापिली, आणि १८९० सालीं कामगारांस रविवारची सुट्टी मिळवून दिली. आज रविवारीं डोंबिवलीच्या फलाटावर जी गर्दी दिसत नाहीं ती कोणाच्या कृपेनें, हें त्या गर्दींतल्या फारच थोड्यांस माहीत असेल.

डॅव्हिटच्या संघानें काय केलें? १८८० सालीं मेयोंतच बॉयकॉट नांवाचा एक कारभारी होता. त्याचें पीक कोणी कापीना, त्याला दुकानदार माल देईना, टपाल पोंचवणाराही मिळेना. त्याच्या नांवावरूनच बहिष्काराला जगभर तो शब्द पडला. खाडीपलीकडच्या आमच्या कुलाबा जिल्ह्यांत १९३३ ते १९३९ अशीं सहा वर्षें चरी व आसपासच्या गांवांच्या आगरी कुळांनीं खोताची जमीन कसली नाहीं. लाकूडफाटा विकून, मासळी धरून, उपाशी राहून दिवस काढले. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. डॉ. आंबेडकरांनीं १९३७ सालीं कायदेमंडळांत खोती मोडण्याचें बिल आणलें तें ह्याच कुळांच्या पाठबळावर.

आयर्लंडांत त्या लढ्यापायीं एकामागून एक जमिनीचे कायदे झाले. १९०३ च्या कायद्यानें सरकारनें कर्ज देऊन कुळांकडून जमीनदारांच्या जमिनी विकत घेवविल्या. म्हणून १९२२ सालीं तेथें स्वतंत्र राज्याचा झेंडा चढला तेव्हां बहुतेक शेतकरी आपल्या बांधावर मालक म्हणून उभा होता. आमच्याकडे क्रम उलटा झाला. १९४७ सालीं झेंडा चढला. खोती मोडण्याचा कायदा १९४९ चा. कसेल त्याची जमीन १ एप्रिल १९५७ पासून, आणि तीही कागदावर ज्याचें नांव लागलें त्याची. नेवाळीचा धांवपट्टा पाहा. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश सरकारनें विमानांसाठीं नेवाळी, भाल, द्वारली या बाजूच्या गांवांच्या जमिनी घेतल्या. लढाई संपल्यावर परत मिळतील असें सांगितलें होतें, असें शेतकऱ्यांचें म्हणणें. ब्रिटिश गेले, जमीन राहिली सरकारकडे. जून २०१७ मध्यें नौदलानें तेथें भिंत घालण्यास घेतली तेव्हां शेतकरी रस्त्यावर आले, गाड्या जळल्या, पोलिसांनीं छऱ्यांचा मारा केला. राज्यकर्त्याचें नांव बदललें. उताऱ्याचा प्रश्न पंचाहत्तर वर्षें तसाच पडून राहिला.

'होमरूल' हा शब्दही आम्हीं आयर्लंडकडूनच घेतला. १९१६ सालीं टिळकांनीं त्या नांवाचा संघ काढला आणि पुण्यामुंबईच्या वकील-पत्रकारांत मोठा उत्साह उसळला. त्या वेळीं आमच्या चळवळीनें विचारलें कीं हें 'होम' कोणाचें आणि 'रूल' कोणाचा? त्याबद्दल आमच्या वडीलधाऱ्यांस देशद्रोही म्हणून शिव्या पडल्या. १९१९ च्या सुधारणांत मराठा व तत्सम जातींसाठीं मुंबई कायदेमंडळांत सात राखीव जागा मिळाल्या, त्या विचारल्यामुळें मिळाल्या. आजही कोणी स्वतंत्र राज्य, स्वतंत्र जिल्हा, स्वतंत्र पालिका म्हणूं लागला कीं तोच प्रश्न विचारण्याची आमची वहिवाट आहे आणि ती आम्ही सोडणार नाहीं.

साम्राज्य गेल्यावर 'ब्रिटिश' या नांवाचा डिंक वाळला. स्कॉटलंडच्या पोरांस आतां गव्हर्नरी मिळत नाहीं, पलटणी कमी झाल्या, जहाजांचे कारखाने बंद पडले. मग लंडनचें ओझें कशाला? १९९७ सालीं मत घेऊन १९९९ पासून त्यांना आपलें पार्लमेंट परत मिळालें. १८ सप्टेंबर २०१४ रोजीं स्वातंत्र्यावर मत घेतलें. आम्हांला त्या मतदानाचा निकाल फारसा महत्त्वाचा वाटत नाहीं. वेगळें होऊं नये म्हणणारे शेंकडा ५५ भरले, तेवढेंच. महत्त्वाची वाटते ती रीत. मागणी करणाऱ्या सरकारनें जवळजवळ दहा महिने आधीं साडेसहाशें पानांहून मोठें पुस्तक छापून ठेवलें होतें: वेगळें झाल्यास पेन्शन कोण देणार, नाणें कोणतें चालणार, कर्जाचा वांटा किती. नाण्याच्या प्रश्नावर त्यांची गाडी अडली आणि लोकांनीं ती अडवली, कारण वाचावयास कागद होता. सोळा वर्षांच्या मुलामुलींस मत होतें. शंभरांतले साडेचौऱ्याऐंशीं मतदार घराबाहेर पडले. आणि मत कोणाला? जो तेथें राहतो त्याला; पोलंडाहून आलेला न्हावी आणि पंजाबांतून आलेला दुकानदार यांनाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा स्कॉच असून जो लंडनांत राहतो त्याला मात्र नाहीं. पुढें २०१६ सालीं ब्रिटननें युरोपचा संघ सोडण्याचा कौल दिला. स्कॉटलंडनें शेंकडा ६२ मतांनीं राहावें म्हटलें होतें, त्याची दाद लागली नाहीं. २०२२ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं लंडनच्या संमतीवांचून पुन्हां मत घेतां येणार नाहीं. विचारण्याची चावी अजून लंडनच्याच कमरेला आहे.

आतां घरचें. १९८३ सालीं कल्याण-डोंबिवली महापालिका झाली तेव्हां आसपासचीं गांवें तिच्यांत ओढलीं. २००२ सालीं सत्तावीस गांवें बाहेर काढलीं. १ जून २०१५ पासून पुन्हां आंत घेतलीं. २०२० सालीं त्यांतलीं अठरा बाहेर काढून वेगळी नगरपरिषद करण्याचें सरकारनें ठरवलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत उच्च न्यायालयानें तो निर्णय रद्द केला. काटई, निळजें, हेदुटणें, भोपर, संदप येथला माणूस एकाच घरांत, एकाच चुलीपाशीं बसून पुन्हां पुन्हां ह्या राज्यांतून त्या राज्यांत गेला. १७०७ मध्यें आणि ह्यांत फरक एवढाच कीं आतां हरकती मागवतात. मत एकदांही घेतलें नाहीं. घरपट्टी वाढली, नळाला पाणी नाहीं, टँकर विकत घ्यावा लागतो, बापजाद्याच्या गांवठाणांत वाढवलेली खोली अनधिकृत ठरते. आमची पालिका आम्हांला द्या, अशी गांवकऱ्यांची मागणी आहे. ती आम्हांस न्यायाची वाटते. ज्याच्याकडून कर घ्यावयाचा त्याला विचारलें पाहिजे, यांत वाद नाहीं.

पण मागणी करणाऱ्यांसही आम्हांला दोन शब्द सुनवावयाचे आहेत, आणि ते गोड नाहींत. ह्या गांवांची जमीन कोणी घालवली? सगळीच कांहीं महापालिकेनें घेतली नाहीं. आमच्याच जातीच्या, आमच्याच भावकीच्या पुढाऱ्यांनीं मुखत्यारपत्रांवर अंगठे घेतले, बिल्डरापाशीं दलाली खाल्ली, गुरचरणावर चाळी बांधल्या. हायलंडच्या नायकांनीं केलें तेंच ह्यांनीं केलें. मेंढीच्या जागीं टॉवर आला. आणि आम्हीं काय केलें? आलेला पैसा हळदीच्या मांडवांत, गाडींत आणि गळ्यांतल्या सांखळींत घातला. पोरगा आज त्याच टॉवरच्या फाटकावर पहारा करतो. उद्यां वेगळी पालिका झाली आणि हेच नायक तिच्या खुर्च्यांवर बसले तर बांधकामाच्या परवानग्या कल्याणऐवजीं मानपाड्यास विकल्या जातील, एवढाच फरक होईल. ज्यांना ही टीका झोंबेल त्यांनीं आपला सातबारा आणि बिल्डराशीं केलेला करार चावडीवर लावावा. आम्ही येऊन वाचूं.

दुसरें, मत कोणाला? 'भूमिपुत्र' हा शब्द आमच्या जिव्हाळ्याचा आहे. १९८४ च्या जानेवारींत उरण-पनवेलकडे दि. बा. पाटलांच्या मागें उभे राहून पांच शेतकऱ्यांनीं गोळ्या खाल्ल्या, तेव्हां साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. त्या शब्दाला रक्त लागलें आहे. जमिनीच्या मोबदल्यांत, गांवठाणांत, गुरचरणांत हक्क भूमिपुत्राचा पहिला, हें आम्ही छातीठोकपणें म्हणतों. पण पालिकेच्या मतांत नव्हे. चाळींत भाड्यानें राहणारा गिरणगांवचा मराठी, भिंती रंगवणारा बिहारी, भांडीं घासणारी बाई, हीं सर्व तोच टँकर विकत घेतात. जन्मानें हक्क ठरवण्याच्या रीतीविरुद्ध आमच्या चळवळीचीं दीडशें वर्षें गेलीं. आतां आमचा जन्म सोयीचा आहे म्हणून ती रीत आम्ही उचलावयाची काय? उत्तर आयर्लंडांत सहा परगणे कापून घेतले ते प्रॉटेस्टंटांचें बहुमत राहावें म्हणून. तेथें पालिकेचें मत घरपट्टी भरणाऱ्यालाच असे, भाड्याच्या खोलींतल्या पोटकुळाला नसे. डेरी शहरांत कॅथॉलिक अधिक; पण प्रभाग असे आंखले कीं पालिका प्रॉटेस्टंटांचीच व्हावी, आणि मग घरेंही त्यांच्या मर्जीनें मिळावीं. १९६८ सालीं त्याविरुद्ध निघालेल्या मोर्चावर पोलिसांच्या लाठ्या पडल्या. पुढें तीस वर्षांच्या दंग्यांत सुमारें साडेतीन हजार माणसें मेलीं. १९९८ च्या तहांत ठरलें कीं तेथें जन्मलेल्यानें स्वतःस आयरिश म्हणावें, ब्रिटिश म्हणावें, कीं दोन्ही म्हणावें, ही त्याची खुषी. पालिकेच्या प्रभागाची रेघ तिरकी ओढली त्याची ही किंमत.

मग मागावें काय? स्कॉटलंडांत आयग नांवाचें एक लहान बेट आहे, वस्ती तेव्हां साठ-पासष्ट माणसांची. मालकामागून मालक तें विकीत होता. १९९७ सालीं रहिवाशांनीं वर्गणी जमवून, विश्वस्त मंडळ काढून, सुमारें पंधरा लाख पौंडांस आपलें बेट विकत घेतलें. २००३ च्या कायद्यानें तसा हक्क गांवोगांवच्या लोकांस मिळाला: जमीन विकावयास निघाली तर गांवानें आधीं नोंद केली असल्यास पहिली संधि गांवाची. स्वातंत्र्य मिळालें नसतां त्यांनीं हें मिळवलें. आमच्या सत्तावीस गांवांनीं वेगळ्या पालिकेच्या मागणीबरोबरच हें लिहून मागावें कीं उरलेलें गुरचरण आणि तळीं कोणत्याही ठरावानें विकतां येणार नाहींत. गांवठाणाची हद्द आजच्या वस्तीप्रमाणें मोजून प्रत्येक घराला मालकीचा कागद मिळावा, आणि त्यावर नवऱ्याबरोबर बायकोचेंही नांव लागावें. नव्या पालिकेचें पाणी कोठून येणार, कर्ज किती, कर किती, याचें पुस्तक मराठींत छापून घरोघर वांटावें. आणि मग सर्व रहिवाशांचें मत घ्यावें. पुस्तक छापण्यास पुढारी तयार नसतील तर ते काय लपवीत आहेत तें ओळखावें.

हद्दीचा मसुदा निघाला म्हणजे हरकती देण्यास मुदत ठेवलेली असते. पुढारी तेव्हां एकच छापील अर्ज काढून त्यावर हजार सह्या गोळा करतात, आणि सही करणाऱ्यास आंत काय लिहिलें आहे तें ठाऊक नसतें. पुढच्या वेळीं प्रत्येक घरानें आपला अर्ज आपल्या हातानें लिहावा. घरांत शिकलेली मुलगी असेल तिनें आजीस वाचून दाखवावा, आजीची सही निराळी घ्यावी, आणि पोंच घेतल्याशिवाय कचेरींतून उठूं नये.